परचुरे शास्त्रींची मालिश आणि क्रीममधले अल्कोहोल

सेवाग्राम आश्रमात गेला असाल, तर परचुरे कुटी पाहिली असेल. संस्कृत पंडित दत्तात्रेय परचुरे शास्त्री तिथे राहत. १९३२ मध्ये ते सत्याग्रही कैदी म्हणून येरवड्याला होते. कुष्ठरोगामुळे त्यांना वेगळे ठेवले होते. गांधीजी त्याच तुरुंगात, पण भेटीची परवानगी मिळेना. पत्रांवर भागवावे लागले. १९३९ मध्ये आजार बळावलेले शास्त्री सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, कुटी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. त्याचा फोटो आजही सगळीकडे दिसतो.

रोग बरा करणारे औषध तेव्हा हाती नव्हते. मालिशीने जंतू मरत नाहीत हे खरेच, पण कातडीची निगा इथे फार मोलाची. कुष्ठरोगात नसा बिघडल्या की त्या भागाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगा पडतात. बधिर पायाला भेग दुखत नाही, म्हणून ती चिघळून जखम होईपर्यंत कळत नाही. मधुमेहात पाय बधिर झालेल्यांचेही असेच होते.

अशा पायांना आम्ही साध्या पाण्यात वीसेक मिनिटे भिजवून, ओलसर असतानाच तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लावायला सांगतो. मग क्रीमच्या ट्यूबवर सिटोस्टिअरिल किंवा सिटिल अल्कोहोल वाचून काही जण ती बाजूला ठेवतात. ठेवू नका! हे दारूतले किंवा सॅनिटायझरमधले अल्कोहोल नव्हे. खोबरेल किंवा पाम तेलापासून बनणारा हा मेणासारखा घट्ट पदार्थ आहे. तो क्रीममधले तेल-पाणी वेगळे होऊ देत नाही आणि कातडीवर पातळ थर धरून ओल टिकवतो. थोड्या लोकांना त्याची ॲलर्जी असते. लावल्यावर खाज किंवा लाली आली, तर क्रीम थांबवून डॉक्टरांना दाखवा. भेगांसाठी इथाइल किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल जास्त असलेले जेल मात्र नको, त्याने कातडी आणखी सुकते.

अंगावर बधिर चट्टा असेल तर नुसते क्रीम लावत बसू नका, सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. देशात हा उपचार सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत आपला वर्धाही होता, १९८० च्या दशकात. शास्त्री त्याआधीच, १९४५ मध्ये, मनोहरजी दिवाणांच्या दत्तपूर कुष्ठधामात वारले.