विश्लेषण : वसईच्या तटापुढे चिमाजी अप्पांनी सुरुंगच का निवडले?

वसईचा किल्ला मे 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकला. मोहिमेचे सेनापती होते चिमाजी अप्पा. हाती बंदुका आणि तोफा असताना त्यांना तटाखाली सुरुंग का खणावे लागले?

चिमाजी अप्पा कोण?
बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे हे धाकटे पुत्र, थोरल्या बाजीरावांचे भाऊ. 1728 मध्ये त्यांनी माळव्यात अमझेरा येथे मोगल सुभेदार गिरिधर बहादूरचा पराभव केला. 1736 मध्ये कोकणात त्यांच्याशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. 1737 मध्ये पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम सुरू झाली. ठाणे आणि विरारजवळचा अर्नाळा त्याच वर्षी हाती आले.

वसई अवघड का होती?
1534 पासून ती पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून वाट फक्त उत्तरेकडून आणि तीही तटावरच्या तोफांच्या माऱ्यात.

बंदुका का पुरेशा नव्हत्या?
त्या काळच्या बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, मगच बार उडे. पुन्हा भरायला वेळ लागे आणि तेवढा वेळ उघड्यावरचा शिपाई शत्रूच्या टप्प्यात असे. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागे. चकमकीच्या बंदुकीला ती लागत नसे, पण पावसात दारू दोन्हींची भिजे. शिवाय गोळीने दगडी तट फुटत नाही.

मग निर्णय काय झाला?
1739 च्या सुरुवातीला तारापूर पडले, पण तिथे बाजी भिवरावांसारखा मोलाचा सरदार कामी आला. फेब्रुवारीत चिमाजी अप्पा वसईसमोर आले. तोफा चालूच होत्या, पण भरवसा सुरुंगांवर ठेवला गेला. मोर्चे तटापर्यंत नेऊन पायाखाली दारू भरण्यात आली. मे महिन्यात सॅन सेबॅस्टियन बुरुजाकडे खिंडार पडले. काही सुरुंग उशिरा उडाले आणि हल्ला करणारे मराठेच त्यात सापडले. पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे थांबणेही शक्य नव्हते. विजयासाठी हजारो माणसे खर्ची पडली.

शरणागतीनंतर काय?
16 मे रोजी तह झाला. पोर्तुगीजांना शस्त्रे आणि चीजवस्तूंसह निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली.

पुढे काय झाले?
एप्रिल 1740 मध्ये बाजीराव गेले आणि त्याच डिसेंबरात चिमाजी अप्पाही. त्यांचे पुत्र सदाशिवरावभाऊ 1761 मध्ये पानिपतावर पडले. वसईच्या विजयाची आठवण आजही दोन ठिकाणी आहे: नवस फेडण्यासाठी बांधलेले वज्रेश्वरीचे मंदिर आणि नाशिकची नारोशंकराची घंटा.