महात्मा गांधी आणि परचुरे शास्त्री

महात्मा गांधी यांचे संपूर्ण नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. आईचे नाव पुतळीबाई. ते इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले व पुढे आफ्रिकेत गेले. मिठाचा सत्याग्रह, चले जाव हे सर्वांना माहीतच आहे, म्हणून मी ते लिहीत नाही.

आफ्रिकेत एकदा त्यांच्या दारात एक कुष्ठरोगी आला. गांधीजींनी त्याला हाकलले नाही. घरात ठेवून घेतले, त्याच्या जखमा बांधल्या. नंतर सरकारी दवाखान्यात पाठवले.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला आले. तेच सेवाग्राम. तिथे १९३९ साली परचुरे शास्त्री आले. ते संस्कृतचे मोठे पंडित होते आणि स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले होते. पण त्यांना कुष्ठरोग होता. तेव्हा आजच्या गोळ्या नव्हत्या. लोक लई भीत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ कुटी बांधून दिली. एवढे मोठे पुढारी, पण स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. ती परचुरे कुटी आजही आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी गेले. त्या दिवशी आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन पाळतात. म्हणून यंदा आरोग्य केंद्राच्या बाई आमच्या वर्गात आल्या होत्या. त्यांनी विचारले, नखे कापली, केस कापले तर दुखते का? सगळे नाही म्हणालो. कारण नख आणि केस यांच्यात जीव नसतो. कातडीत मात्र मज्जातंतू असतात, म्हणून टोचले, भाजले की कळते. कुष्ठरोगाचे जंतू या मज्जातंतूंना धरतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, तिथे टोचलेले कळत नाही. कधी तिथले केसही विरळ होतात. हात भाजला तरी माणसाला समजत नाही आणि जखम चिघळते. मज्जातंतू फार बिघडले तर बोटे वाकडी होतात. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

हे ऐकून मी खाली मान घातली. माझ्या आबांची दोन बोटे वाकडी आहेत. मी सगळ्यांना सांगायचो, आबांचा हात कडबाकुट्टीत सापडला. ते खोटं होतं. आबांना तरुणपणी हा रोग झाला होता. गोळ्या खाऊन तो कधीच बरा झाला. तरी लग्नात काही माणसे त्यांच्या हातचे पाणी घेत नाहीत. मीपण त्यांच्या ताटात जेवत नव्हतो.

लेख लावायच्या आधी मी आबांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, मग लाव म्हणाले. त्यांच्या त्या बोटांना अजून गरम कळत नाही. म्हणून सकाळी चहाचा पेला मी आधी हातात घेऊन बघतो, अन् मग त्यांना देतो.