पदवीवरचा ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावं लागलं, अशा इंजिनिअर ए. ललिता

साल १९३७, मद्रास. अठरा वर्षांची मुलगी, कडेवर चार महिन्यांचं लेकरू आणि नवरा वारलेला. त्या काळी विधवेचं पुढचं आयुष्य दुसरेच ठरवायचे.

ललिता यांचं लग्न पंधराव्या वर्षीच झालेलं. त्यांनी मात्र ठरवलं, शिकायचं आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

आता शिकायचं तर काय? डॉक्टरकी डोक्यात होती, पण अवेळी ड्युटी आणि घरी लहान मूल, हे जमणारं नव्हतं. घरात मात्र इंजिनिअरिंगचंच वातावरण. वडील पप्पू सुब्बा राव गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक, भाऊही इंजिनिअर.

अडचण एकच. १७९४ च्या सर्वेक्षण शाळेतून वाढलेल्या या कॉलेजात तोवर एकही मुलगी शिकली नव्हती. वडिलांनी प्राचार्य के. सी. चाको आणि शिक्षण खात्याचे संचालक आर. एम. स्टॅथम यांच्याकडे शब्द टाकला. दोघं तयार झाले आणि १९४० मध्ये ललिता इलेक्ट्रिकलला दाखल झाल्या.

मुलांनी त्रास दिला नाही, पण हॉस्टेलमध्ये एकटेपणा खायला उठायचा. मग कॉलेजने मुलींनाही प्रवेश असल्याची जाहिरात केली. लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. त्या एक वर्ष मागे होत्या, पण महायुद्धामुळे अभ्यासक्रम आटोपता घेतला गेला आणि १९४३ मध्ये तिघी एकदमच पदवीधर झाल्या.

पदवीच्या छापील कागदात उमेदवार पुरुषच असणार हे गृहीत धरलेलं. विद्यापीठाला इंग्रजी ‘तो’ खोडून हाताने ‘ती’ लिहावं लागलं. बाई इथवर येईल, असं तो मजकूर छापणाऱ्याच्या मनातही आलं नसणार!

पुढे जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण, मग सिमल्याला सेंट्रल स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशनमध्ये नोकरी. ती सोडून त्या वडिलांच्या संशोधनात मदतीला आल्या. जेलेक्ट्रोमोनियम नावाचं विजेवर चालणारं वाद्य, बिनधुराची चूल असे प्रयोग तिथे चालायचे. त्यात समाधान होतं, पण लेकीला वाढवायचं तर पक्का पगार हवा होता.

म्हणून १९४८ मध्ये त्या कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागल्या. वीजवाहिन्यांचं डिझाइन करायचं काम. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजनिर्मितीच्या कामातही त्यांचा वाटा होता. पण विधवा बाईने एकटीने फिरणं लोकांना खपायचं नाही, त्यामुळे त्या साइटवर जात नसत, काम टेबलावरून चालायचं. पदवी मिळाली तरी ही अडचण सुटली नव्हती.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ललिता तिला हजर होत्या. त्यानंतरही त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. १९७९ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.