दादा केळूसकर : सुभेदारांच्या भीमाला कॉलेजात पोहोचविणारे गुरुजी

दहावीचा निकाल लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील वस्त्यांमधून पेढे वाटले जातात. विहारात सत्कार होतो, मुलाच्या हाती बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते. आणि मग? दसरा-दिवाळीनंतर त्यांतलीच काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत दिसतात. मुलगी असेल तर स्थळे पाहणे सुरू झालेले असते. सत्कार करणारे पुष्कळ. सत्कारानंतर त्या लेकराच्या मागे उभा राहणारा विरळा. म्हणून ज्या गृहस्थाने एका अस्पृश्य मुलाचा सत्कारही केला आणि पुढे त्याचे कॉलेजही सुटू दिले नाही, त्या कृष्णराव अर्जुन केळूसकरांचे चरित्र नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

केळूसकरांचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळील केळूस गावी एका ब्राह्मणेतर कुटुंबात झाला. पुढे ते मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक झाले. शाळा सांभाळून त्यांनी संत तुकारामांचे चरित्र लिहिले, छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. महाराष्ट्र त्यांना शिवचरित्रकार म्हणून ओळखतो. आपले नाते आहे ते १८९८ साली त्यांनी लिहिलेल्या गौतम बुद्धाच्या चरित्राशी.

संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत येऊन बसत. तेथे एक शाळकरी मुलगा पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना रोज दिसे. गुरुजींनी चौकशी केली. मुलगा महार आहे हे कळल्यावर ते उठून गेले नाहीत. त्यांनी त्याच्या वाचनाची आस्था धरली, त्याला पुस्तके देऊ लागले. तो मुलगा म्हणजे रामजी सुभेदारांचा भीमराव. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच संसार आणि अभ्यास, उत्पन्न सुभेदारांच्या पेन्शनीचे. मुलाने मागितलेले पुस्तक घेण्यासाठी सुभेदार लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणीत आणि गहाण ठेवीत. असा बाप घरी असणे हे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी बाहेरचे माणूस लागते.

भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा समाजातील मंडळींनी सभा भरविण्याचे ठरविले. सुभेदारांनी साफ नकार दिला. एक परीक्षा पास झाल्याने एवढे काय झाले, अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. मंडळी केळूसकरांकडे गेली. ते सुभेदारांचे स्नेही होते. त्यांनी समजूत घातली आणि सभा झाली. शेवटी त्यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ही सभा मॅट्रिकच्या वेळची असे चरित्रकार लिहितात. स्वतः बाबासाहेबांनी ती इंग्रजी चौथीच्या वेळची सांगितली आहे. कसेही असो, आपल्या धम्माचा पहिला ग्रंथ बाबासाहेबांच्या हाती पडला तो परीक्षेचे बक्षीस म्हणून, एका शिक्षकाच्या हातून.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. आज एवढे गुण घेऊन मुलगा आला तर आम्ही शिक्षकच त्याला सांगतो की, बाबा, एखादे काम शीक. हे लिहिताना मला माझ्याच वर्गातले काही चेहरे आठवतात.

खरी अडचण मॅट्रिकनंतर आली. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत पोहोचले आणि सुभेदारांची शक्ती संपली. शिक्षण तेथेच थांबायचे. अस्पृश्यांतील लायक मुलाला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईच्या सभेत जाहीर केलेले होते. ते पुष्कळांनी ऐकले असेल. केळूसकरांनी मात्र भीमरावांसाठी महाराजांकडे शब्द टाकला आणि त्यांची भेट घडवून आणली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्याच मदतीने ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

आज सरकारी शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहे आहेत, स्वाधार योजना आहे. धर्मांतराने सवलत जाईल ही नवदीक्षितांची भीतीही १९९० सालच्या दुरुस्तीने निराधार ठरली. तेव्हापासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू आहेत. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि अर्जाची मुदत यांतून मुलाला हाताला धरून नेणारा कोण? योजना असते आणि मुलगाही असतो. दोघांची गाठ घालून देणारा नसतो.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे ते १९४१ साली महार-मांग परिषदेसाठी आले, त्या काळी मराठवाड्यातील मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. गरिबाच्या पोराने ते कसे गाठावे? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव त्यांनी कॉलेजाला दिले. एका गुरुजींनी एका मुलासाठी जे केले, ते त्या मुलाने एका अख्ख्या प्रदेशासाठी केले.

हे पाहायला दादा हयात नव्हते. १४ ऑक्टोबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर बावीस वर्षांनी, त्याच तारखेला, नागपूरला दीक्षा झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दादांची, त्या सभेची आणि त्या पुस्तकाची आठवण नोंदविली. १९५७ साली ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही, आणि पुष्कळ घरांतून तो ग्रंथ दादांचे नाव न कळताच वाचला गेला.