विषारी हवेचा माग काढणारी डॉक्टर

शिकागोत १९१० मध्ये डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांना एक पोलिश कामगार भेटला. बाथटबला पांढरे एनॅमल चढवण्याचे त्याचे काम. पोटात असह्य कळा येत होत्या आणि मनगटे लुळी पडली होती. लक्षणे उघडउघड शिशाच्या विषबाधेची होती. डॉक्टरीणबाई कारखान्यात गेल्या, तेव्हा त्यांना दाखवलेल्या विभागात धोक्याचे काहीच आढळले नाही. मग त्या थेट कामगाराच्या घरी गेल्या. तिथे कळले, की शेवटचा हात देण्याचे काम दुसऱ्याच जागी चालते. तिथे लालबुंद तापलेल्या टबवर कामगार लांब दांड्याच्या चाळणीने एनॅमलची पूड भुरभुरत आणि उडालेली धूळ श्वासाबरोबर आत घेत. त्या पुडीचा नमुना मिळवून तपासला, तर त्यात शिसे निघाले.

कारखान्याने दाखवलेल्या जागेवर विसंबायचे नाही, कामगाराच्या घरापर्यंत जायचे, ही या बाईंची पद्धत. पुढची तीस वर्षे त्यांनी ती सोडली नाही.

अॅलिस हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी गेले. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. जर्मनीत जीवाणूशास्त्र आणि विकृतिशास्त्राचा पुढील अभ्यास करून १८९७ मध्ये त्या शिकागोत शिकवू लागल्या. राहायला मात्र गेल्या जेन अॅडम्स यांनी स्थापन केलेल्या ‘हल हाउस’ या समाजसेवी संस्थेत. ही संस्था स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत होती. धडधाकट तरुण कारखान्यात जातात आणि काही वर्षांत खंगून घरी बसतात, हे तिथे रोज दिसे. युरोपात व्यवसायजन्य आजारांवर कायदे आणि पुस्तके होती. अमेरिकेत मात्र या विषयाची साधी मोजदादही नव्हती.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने अशा आजारांची पाहणी करायचे ठरवले आणि ती हॅमिल्टन यांच्याकडे सोपवली. रुग्णालयांच्या नोंदी चाळणे, औषधविक्रेत्यांना, धर्मगुरूंना आणि कामगारांच्या बायकांना विचारणे, अशा वाटांनी माहिती गोळा झाली. शिशाशी संबंध येणारे सत्तरहून अधिक उद्योग आणि शिशाच्या विषबाधेचे ५७८ रुग्ण त्यांनी नोंदवले. १९११ मध्ये राज्यात व्यवसायजन्य आजारांविषयीचा कायदा झाला.

खरा वाद होता तो दोष कोणाचा, यावर. कामगार हात न धुता जेवतात, म्हणून शिसे पोटात जाते, असे बहुतेक मालक मानत. हॅमिल्टन यांना प्रत्यक्षात वेगळे चित्र दिसले. विष मुख्यतः धूळ आणि वाफेच्या रूपाने श्वासातून जात होते. हा फरक महत्त्वाचा होता. दोष हातांचा असेल तर साबण पुरतो. दोष हवेचा असेल तर यंत्रांवर झाकणे, धूर ओढून घेणारी धुराडी आणि पंखे बसवावे लागतात. म्हणजे खर्च मालकाचा.

कंपन्यांच्या आवारात शिरण्याचा त्यांना कायदेशीर अधिकार नव्हता. परवानगी मागायची, पाहायचे आणि समोरच्याला पटवायचे, एवढेच हाती होते. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश यांचा आपल्या कारखान्यात विषबाधा होते यावर विश्वास नव्हता. त्यांनी पुरावा मागितला. हॅमिल्टन यांनी रुग्णालयांच्या नोंदींतून २२ प्रकरणे त्यांच्यापुढे ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि वाफा रोखण्याची यंत्रणा बसवली, कामगारांच्या तपासणीसाठी डॉक्टर नेमले.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने घाईघाईने उभे राहिले. त्यांपैकी काहींचे ठिकाण सांगायलाही कोणी तयार नसे. आकाशात चढणारे नायट्रोजन ऑक्साइडचे नारिंगी-पिवळे लोट पाहून हॅमिल्टन तिथे पोहोचत. १९१९ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने त्यांना सहायक प्राध्यापक नेमले. तिथल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. पण प्राध्यापकांच्या क्लबमध्ये जायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, अशा अटी त्यांच्यावर होत्या. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या, त्याही सहायक प्राध्यापक म्हणूनच.

निवृत्तीनंतर, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी अखेरची मोठी पाहणी हाती घेतली. विषय होता व्हिस्कोज रेयॉन. लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशीम बनवणारा हा उद्योग तेव्हा जोरात होता. याच द्रवापासून सेलोफेनचा पारदर्शक कागदही बनतो. लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि मग कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया होते. तयार झालेला मधासारखा दाट द्रव बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की धागा बनतो. पण घुसळणीच्या खोलीत कार्बन डायसल्फाइडची वाफ निघते आणि धागा काढताना तिच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. पहिल्याने मज्जातंतू आणि मेंदूवर परिणाम होतो. पाय अधू होतात, माणूस चिडखोर, संशयी, कधी पूर्ण भ्रमिष्ट होतो. दुसऱ्याने डोळे सोलवटल्यासारखे दुखतात, उजेड सहन होत नाही.

यातली क्रूर गोष्ट अशी, की वेड लागलेला माणूस आपला आजार कारखान्यातून आला हे सांगू शकत नाही. घरचे त्याच्या स्वभावाला दोष देतात. १९३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियात झालेल्या या पाहणीत डॉक्टरांनी कामगारांना तपासले आणि विषाचा संबंध स्पष्ट झाला. या पाहणीमुळे त्या राज्यात व्यवसायजन्य आजारांसाठी भरपाईचा पहिला कायदा आला. पुढे आपल्याकडेही कल्याणजवळ शहाड-मोहने भागात व्हिस्कोज रेयॉनचे कारखाने उभे राहिले, म्हणजे ही प्रक्रिया आपल्याला परकी नाही.

२२ सप्टेंबर १९७० रोजी कनेटिकटमधील हॅडलाइम येथे, वयाच्या १०१ व्या वर्षी हॅमिल्टन यांचे निधन झाले. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा मंजूर झाला. त्याची कसोटी लवकरच लागली, आणि तीही प्लास्टिक उद्योगात. पीव्हीसी ज्यापासून बनते त्या व्हिनाइल क्लोराइड वायूमुळे कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये केंटकीतील एका कारखान्यात उघड झाले. हवेत या वायूची मर्यादा दहा लाख भागांत ५०० भाग होती; ती नव्या कायद्याखाली १ भागावर आणली गेली. हे अशक्य असल्याची ओरड झाली. पण यंत्रे बंदिस्त केली, गळती थांबवली, हवा ओढून घेतली, आणि ते जमले.

आजही प्लास्टिक वितळवणाऱ्या छोट्या शेडमध्ये हाच धडा लागू पडतो. पीव्हीसी जास्त तापले की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो. कामगाराच्या पाठीशी लावलेला टेबलफॅन हा धूर फक्त शेजाऱ्याकडे ढकलतो. धूर जिथे निघतो तिथेच, नाकापर्यंत येण्याआधी, नळीने ओढून बाहेर न्यावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. आणि डोळे चुरचुरणे, सततचा खोकला, डोकेदुखी सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल, तर डॉक्टरांना आपण काय काम करतो हे आवर्जून सांगावे. हॅमिल्टन यांचा प्रत्येक शोध त्याच माहितीपासून सुरू झाला होता.