वाड्यातली दुनळी

इंदापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाड्यात एक जुनी दुनळी बंदूक आहे. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद होईपर्यंत माझे आजोबा वाड्यातल्या मंडळींबरोबर हाकारा घालायला जात. बंदूक पुसून तिला तेल लावण्याचे कामही त्यांचेच. पण तिच्यावरची अक्षरे त्यांना कधी वाचता आली नाहीत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती मी वाचली : डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर. बारामतीला परतल्यावर या गृहस्थाचा शोध घेतला.

विल्यम वेलिंग्टन ग्रीनर १८३४ साली जन्मला. बाप बर्मिंगहॅमचा नामांकित बंदूककार, पण ठासणीच्या बंदुकीचा कट्टर अभिमानी. मुलाचे म्हणणे, मागून काडतूस भरायची बंदूकच पुढे चालणार. (आमच्या घरात वाद शेती की कॉलेज एवढाच; पण तोही काही कमी नाही!) अखेर १८५५ साली मुलाने वेगळे दुकान थाटले. बार उडताना नळ्या घट्ट धरून ठेवणारा आडवा खिळा त्याने काढला. नळीचे तोंड किंचित आवळले की छर्रे फार पांगत नाहीत; ही युक्ती त्याने अशी साधली की १८७५ च्या लंडनमधील चाचण्यांत त्याच्या बंदुका सरस ठरल्या. १८८१ मध्ये बंदुकीच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथही लिहिला. १९२१ साली तो वारला.

हे सारे आजोबांना सांगितले. त्या खिळ्याचे भोक त्यांच्या बोटांना ठाऊक होते. त्यांनी एवढेच विचारले, की बापलेकांचे पुढे काय झाले. १८६९ मध्ये बाप गेला आणि लेकाने दोन्ही धंदे एक केले, असे मी सांगितले. आजोबांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा गाईंना वैरण टाकायला उठून गेले.