एडगर ॲलन
एडगर व्हॅन न्यूस ॲलन (इ.स. १९०० – इ.स. १९६१) हे अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे अभ्यासक होते. हाताचा रक्तपुरवठा तपासण्याची 'ॲलन चाचणी' त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण व कारकीर्द

ॲलन यांचा जन्म नेब्रास्का राज्यात झाला. नेब्रास्का विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते मिनेसोटातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाले. हातापायांच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र होते. या विषयावरील त्यांचा नेल्सन बार्कर व एडगर हाइन्स यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५६-५७ मध्ये ते अमेरिकन हार्ट असोसिएशनचे अध्यक्ष होते. रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधांवरील कार्यासाठी त्यांना १९६० मध्ये कार्ल पॉल लिंक व अर्व्हिंग राइट यांच्यासह लास्कर पुरस्कार मिळाला.

ॲलन चाचणी

हाताला मुख्यतः दोन धमन्या रक्त पुरवतात: अंगठ्याच्या बाजूची रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर. तळहातात त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक उथळ व एक खोल अशा दोन कमानी तयार होतात. त्यामुळे एक धमनी बंद पडली तरी दुसरी सहसा सर्व बोटांपर्यंत रक्त पोहोचवते. मात्र काही व्यक्तींमध्ये या कमानी अपूर्ण असतात.

धूम्रपानाशी निगडित बर्गर रोगात हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्या बंद होतात. मनगटापुढील असा अडथळा ओळखण्यासाठी ॲलन यांनी १९२९ मध्ये ही चाचणी मांडली. रुग्ण एक मिनिट मूठ घट्ट आवळतो व वैद्य त्याची रेडियल धमनी दाबून धरतो. मूठ उघडल्यावर फिकट तळहात लवकर लाल झाल्यास अल्नर धमनी मोकळी असते. फिकटपणा टिकल्यास ती बंद असण्याची शक्यता असते. अल्नर धमनी दाबून रेडियल धमनीही अशीच तपासता येते. पुढे राइट यांनी सुचविलेल्या सुधारित पद्धतीत एकाच मनगटातील दोन्ही धमन्या दाबून नंतर एकेक सोडली जाते.

पुनर्रचना शस्त्रक्रियेतील महत्त्व

ॲलन यांच्या निधनानंतर, १९८१ मध्ये, चीनमधील यांग ग्वोफान व सहकाऱ्यांनी रेडियल धमनीसह उचललेल्या अग्रबाहूच्या त्वचेच्या पट्ट्याचे (फ्लॅप) वर्णन प्रसिद्ध केले. असा फ्लॅप तोंड, मान किंवा जखमी हाताच्या पुनर्रचनेसाठी वापरतात. त्यासाठी ही धमनी हातापासून कायमची तोडल्यास संपूर्ण हात मुख्यतः अल्नर धमनीवर अवलंबून राहतो. कमानी अपूर्ण असल्यास अंगठा व तर्जनीचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. म्हणून रोगनिदानासाठी मांडलेली ही चाचणी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा भाग बनली. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी रेडियल धमनी काढण्यापूर्वीही ती केली जाते.

मर्यादा

रंग परतण्यास लागणारा किती वेळ सामान्य मानावा, याविषयी एकमत नाही. बोटे अतिताणल्यास तळहात विनाकारण फिकट दिसू शकतो. त्यामुळे शंका असल्यास डॉप्लर तपासणीचा आधार घेतला जातो.